कर्णप्रतीनाह : एक नांव आणि दोन रोग

कानांत दडे बसणें हा आपल्या भाषेंतला रोजचा वाक्प्रचार आहे. पडसें झालें, नदींत बुडी मारली, किंवा गाडी घाट उतरून खालीं आली म्हणजे कान गच्च होतो. बाहेरचा शब्द दुरून आल्यासारखा वाटतो आणि स्वतःचा आवाज मात्र डोक्यांत घुमूं लागतो. या अनुभवाला घरगुती भाषेंत एकच नांव पुरतें. वैद्यकाच्या जुन्या पोथ्या चाळणाऱ्यास मात्र येथें एक कोडें पडतें. संस्कृत वैद्यकांत कान बंद होण्याशीं ज्या रोगाचा संबंध जोडला जातो, त्याचें नांव कर्णप्रतीनाह. हें नांव सुश्रुतसंहितेंत आहे आणि अष्टांगहृदयांतही आहे. परंतु दोन्ही स्थळें शेजारीं ठेवून वाचलीं तर असें दिसतें कीं, नांव एक असलें तरी रोग एक नाहीं. आणि रोग एक नसल्यामुळें उपचारही एक नाहीं. प्रस्तुत लेखांत या भेदाचा विचार करावयाचा आहे.

हा विचार केवळ शब्दच्छल नव्हे. जुन्या बाडांत हिशेबाच्या व स्तोत्रांच्या पानांबरोबर औषधांचीं सुटीं टिपणें पुष्कळदां येतात, हें संग्राहकांस ठाऊकच आहे. अशा टिपणांत बहुधा रोगाचें नांव आणि औषधाचा पाठ एवढेंच असतें. लक्षणें दिलेलीं नसतात. त्यावर ‘प्रतीनाह’ एवढाच मथळा असेल तर तें कोणत्या विकाराचें औषध समजावयाचें? याचें उत्तर दोन्ही परंपरा वेगळ्या केल्यावांचून देतां येत नाहीं.

प्रथम सुश्रुताचें मत पाहूं. उत्तरतंत्राच्या २० व्या अध्यायांत कर्णरोगांचें निदान व २१ व्या अध्यायांत त्यांची चिकित्सा आली आहे. सुश्रुत कर्णरोग २८ मानतो. त्यांत कर्णगूथक आणि कर्णप्रतीनाह हे दोन रोग निरनिराळे गणलेले असून एकापाठोपाठ एक सांगितले आहेत. पित्ताच्या उष्णतेनें कानांतील श्लेष्मा वाळला म्हणजे जो मळ होतो तो कर्णगूथक. हाच गूथ पुढें विरघळून पातळ झाला आणि नाकातोंडाकडे उतरला म्हणजे त्यास कर्णप्रतीनाह ही संज्ञा प्राप्त होते. त्यापासून मस्तकास पीडा होते. ही पीडा कांहीं पाठांत मस्तकाचा ताप अशी, तर कांहींत अर्धभेद, म्हणजे अर्धशिशी, अशी वर्णिली आहे. सुश्रुताच्या मतें, तात्पर्य, प्रतीनाह ही गूथकाची पुढची अवस्था होय.

येथें मूळांत ‘घ्राणमुख’ असा सामासिक शब्द आहे. त्याचा विग्रह ‘नाक आणि तोंड’ असा करतां येतो, तसाच ‘नाकाचें मुख’ असाही करतां येतो. कोणताही विग्रह घेतला तरी मुख्य गोष्ट बदलत नाहीं. कानांतला द्रव पदार्थ आंतल्या आंत नाकाच्या बाजूस पोंचतो, असें हा ग्रंथकार निःसंदिग्ध सांगत आहे.

उपचार या निदानाला धरूनच आहेत. गूथकासाठीं तेलानें मळ भिजवावा, शेकानें सैल करावा आणि मग शलाकेनें काढावा, असें विधान आहे. प्रतीनाहासाठीं मात्र स्नेह व स्वेद झाल्यावर शिरोविरेचन करावें, म्हणजे नाकावाटे औषध देऊन मस्तकांतील दोष काढावा, आणि नंतर अवस्थेला योग्य ती क्रिया करावी, असें सांगितलें आहे. शलाकेचें येथें नांवही नाहीं. एका रोगाचा उपाय कानाच्या दारानें, तर दुसऱ्याचा नाकाच्या दारानें.

आतां वाग्भटाकडे वळूं. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांतील १७ व्या व १८ व्या अध्यायांत हाच विषय आहे. वाग्भट सामान्यतः इसवी सनाच्या ७ व्या शतकांतला मानतात. त्याची रोगसंख्या २५. प्रतीनाहाचें लक्षण तो असें देतो : वायूनें वाळलेला श्लेष्मा कानाच्या स्रोतसास आंतून लिंपून टाकतो, त्यामुळें वेदना, जडपणा आणि पिधान उत्पन्न होतें. पिधान म्हणजे झांकण. कानांत दडे बसण्याचें याहून नेमकें वर्णन संस्कृतांत शोधणें कठीण आहे. पण त्यांत मळ पातळ होणें नाहीं, तो नाकाकडे उतरणें नाहीं, अर्धशिशीही नाहीं. जें सुश्रुताच्या व्याख्येचें मर्म, तेंच येथें नाहींसें झालें आहे.

चिकित्सेंतही तोच पालट दिसतो. वाग्भट सांगतो कीं, स्नेहस्वेदांनीं मळ भिजवून कर्णशोधनकानें कान साफ करावा. मग तेल, अथवा शुक्त, सैंधव व मध घातलेला महाळुंगाचा रस, यांनीं कान भरावा. आणि साफ केल्यामुळें कान रुक्ष झाला तर तुपाच्या निवळीनें भरावा. हें कर्णशोधन कसें असावें तें त्यानें सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायांत, यंत्रांच्या प्रकरणांत, सांगून ठेविलें आहे : कड पिंपळाच्या पानासारखी, तोंड होमाच्या स्रुव्यासारखें. आपल्याकडील कानकोरण्याचा वाटीसारखा शेवट ज्यानें पाहिला आहे, त्यास हें वर्णन ओळखीचें वाटेल. सूत्रस्थानावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याची आयुर्वेदरसायन ही टीका उपलब्ध असल्यामुळें महाराष्ट्रांतील अभ्यासकांस या यंत्रप्रकरणाविषयीं विशेष आस्था असावी, हें स्वाभाविक आहे.

आतां महत्त्वाची गोष्ट अशी. वाग्भटाच्या २५ रोगांच्या यादींत कर्णगूथक हें नांवच आढळत नाहीं. बाह्य पाळीचे जे रोग सुश्रुतानें अन्यत्र सांगितले आहेत ते वाग्भटानें याच यादींत घेतले. परंतु मळाचा रोग म्हणून स्वतंत्र गणना केली नाहीं. दोन्ही चिकित्सा जुळवून पाहतां याचें कारण उघड होतें. सुश्रुताचें गूथकाचें भिजवणें, शेकणें व कोरून काढणें, हेंच थोड्या विस्तारानें वाग्भटाच्या प्रतीनाहांत आलें आहे. म्हणजे वाग्भटानें गूथक गाळला नाहीं; त्याला प्रतीनाहाचें नांव दिलें. गळाली ती सुश्रुताच्या प्रतीनाहाची नाकाकडे उतरण्याची कल्पना.

असें कां झालें असावें? प्रतीनाह हा शब्द ‘नह्’ म्हणजे बांधणें या धातूपासून झालेला असून त्याचा सरळ अर्थ बंद होणें, अडणें असा आहे. नासारोगांतही सुश्रुतानें नासाप्रतीनाह सांगितला आहे. तेथें कफानें वेढलेला उदान वायु आपल्या मार्गांत अडून नाक चोंदल्यासारखें होतें. या शब्दार्थाला वाग्भटाची कर्णव्याख्या तंतोतंत जुळते. उलट सुश्रुतानें वाहणाऱ्या विकारास बंद होण्याचें नांव दिलें, हेंच चमत्कारिक वाटतें. म्हणून वाग्भटानें नांवाच्या अर्थाकडे पाहून व्याख्या सुधारली असावी, असा तर्क संभवतो. मात्र हा तर्कच आहे. दोघांपुढें एकाच जुन्या शाखेचे दोन निराळे पाठ असण्याचा संभवही नाकारतां येत नाहीं.

पुढील निदानग्रंथांनीं येथें सुश्रुताची वाट धरली. माधवनिदानांत कर्णप्रतीनाह सुश्रुताच्याच रूपानें येतो, आणि माधवनिदान हें वैद्यांचें पाठांतराचें पुस्तक असल्यामुळें तें रूप सर्वत्र पसरलें. पण चिकित्सेसाठीं अष्टांगहृदय महाराष्ट्रांत व दक्षिणेंत तितकेंच प्रमाण मानलें जाई. निदान एका ग्रंथाचें आणि औषध दुसऱ्याचें, अशी सरमिसळ एकाच वैद्याच्या चोपडींत होणें अगदीं शक्य आहे. संपादकानें सावध राहावें तें येथें.

सुश्रुताच्या व्याख्येवरून पुष्कळांस असें म्हणण्याचा मोह होतो कीं, कानापासून नाकापर्यंतची नळी आमच्या पूर्वजांस पश्चिमेच्या आधीं ठाऊक होती. या विधानाची परीक्षा करण्यासाठीं पश्चिमेंत हा मार्ग कसा कळला तें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे.

ग्रीकांत आल्कमिऑन याच्या नांवावर शेळ्या कानांनीं श्वास घेतात असें मत सांगितलें जाई. तें ऍरिस्टॉटलनें खोडून काढलें. पण कानाच्या आंतून टाळूकडे वाट जाते हें त्यानें नमूद केलें आहे. त्या वाटेचें पद्धतशीर वर्णन रोम येथें बार्तोलोमेओ युस्टाकी यानें १५६२ मध्यें कानाविषयींच्या आपल्या पत्ररूप निबंधांत केलें. म्हणून ती युस्टेशियन नळी. बोलोन्याचा व्हाल्साल्व्हा यानें १७०४ मध्यें मानवी कानावर ग्रंथ लिहून नाक व तोंड मिटून आंतून हवा दाबण्याची युक्ति सांगितली. तिचा हेतु मध्यकर्णांतील पू बाहेर काढणें हा होता. १७२४ मध्यें व्हर्सायच्या गुयो नांवाच्या पोस्टमास्तरनें स्वतःच्या बहिरेपणासाठीं तोंडावाटे वाकडी नळी घालून या मार्गास पिचकारी देण्याची कृति पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें मांडली, आणि १७४१ मध्यें इंग्रज लष्करी शस्त्रवैद्य क्लीलंड यानें तीच नळी नाकावाटे घालण्याची रीत प्रसिद्ध केली. ही नळी एरवीं मिटलेली असते व गिळतांना उघडते, हें लंडनच्या जोसेफ टॉयन्बीनें १८५३ च्या सुमारास दाखविलें. तोच १८६६ मध्यें कर्णनादावर वाफेचा प्रयोग स्वतःवर करीत असतां मरण पावला. १८६३ मध्यें व्हिएन्नाच्या पोलिट्झरनें रबरी पिशवीनें नाकांतून हवा देण्याची सोपी रीत काढली. ऍरिस्टॉटलच्या नोंदीपासून या रबरी पिशवीपर्यंत बावीस शतकें गेलीं.

या इतिहासाच्या उजेडांत सुश्रुताचें वाक्य पाहावें. आजच्या शारीराप्रमाणें बाहेरचा कर्णमार्ग सुमारें २.५ सेंटिमीटर लांब असून त्याच्या शेवटीं पडदा आहे. पडद्यामागें हवेची पोकळी, म्हणजे मध्यकर्ण; आणि तेथून सुमारें ३.५ सेंटिमीटर लांबीची नळी नाकाच्या मागील भागांत उघडते. कानांतला मळ पडद्याच्या अलीकडे तयार होतो. पडदा शाबूत असेल तर तो कितीही पातळ झाला तरी नाकांत जाऊं शकत नाहीं. म्हणून सुश्रुताची प्रक्रिया निरोगी कानांत घडणें अशक्य आहे. परंतु पडद्यास भोंक असेल तर ती घडते. अशा रोग्याच्या कानांत औषध घातलें तर त्याची चव घशाला लागते, हा आजच्या कर्णवैद्यांचा नेहमींचा अनुभव आहे.

आमचें अनुमान असें कीं, सुश्रुतपरंपरेंतील वैद्यांस हा मार्ग शवच्छेदांतून नव्हे, तर कर्णपूरणांतून कळला असावा. कान वाहून पडदा फाटलेले रोगी त्यांच्याकडे येत असलेच पाहिजेत. कर्णस्राव, पूतिकर्ण व विद्रधि हे रोग त्यांच्याच यादींत आहेत. अशांच्या कानांत तेल भरलें आणि रोगी म्हणाला कीं तेल घशांत आलें, तर जो निष्कर्ष निघेल तोच या व्याख्येंत आहे. तो मार्गाचें निरीक्षण आहे. नळीचें वर्णन नव्हे. पडद्याचा उल्लेख नसल्यामुळें कोणत्या कानांत हें घडतें व कोणत्यांत नाहीं, हा विवेक तेथें होऊं शकला नाहीं. ग्रंथकाराच्या निरीक्षणाचें मोल कमी करण्याचें कारण नाहीं. पण त्याच्या पदरीं युस्टाकीचें श्रेय बांधण्याचेंही कारण नाहीं.

आतां कान बंद होण्याचीं कारणें आजच्या ज्ञानानें मांडलीं, तर दोन्ही ग्रंथांचें बलाबल कळतें. पहिलें कारण मळ. मळ हा मूळचा दोष नव्हे. तो कातडीचें रक्षण करतो व सामान्यतः आपोआप बाहेर सरकतो. काडी, पिन, किल्ली अथवा कापसाचा बोळा घालणारा मनुष्य त्यास आंत ढकलतो. आणि पोहल्यावर तो पाण्यानें फुगून वाट बंद करतो. हा वाग्भटाचा प्रतीनाह. दुसरें कारण नळीचें बंद होणें. मध्यकर्णांतील हवा अस्तरांत हळूहळू शोषली जाते व नळी उघडली म्हणजे पुन्हां भरते. पडशानें नळी सुजली कीं हें भरणें थांबतें आणि पडदा आंत ओढला जातो. गाडी घाट उतरतांना किंवा विमान खालीं येतांना बाहेरचा दाब एकदम वाढतो, तेव्हांही हेंच होतें. १७८३ च्या डिसेंबरांत हायड्रोजनच्या फुग्यांतून वर गेलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल यास कानांत तीव्र वेदना झाल्याची नोंद आहे. वाग्भटानें कर्णरोगांच्या आरंभींच प्रतिश्याय, जलक्रीडा, कान खाजविणें आणि शब्दाचा मिथ्यायोग हीं कारणें दिलीं आहेत. सुश्रुतानें वाढलेल्या पीनसापासून बाधिर्य येतें असें सांगितलें आहे. कारणांची ही नोंद दोघांनाही भूषणावह आहे.

उपायांचेंही तसेंच. मळ असेल तर कोमट तेलाचे थेंब कांहीं दिवस घालून तो मऊ करावा आणि शरीराइतक्या उबदार पाण्याच्या पिचकारीनें किंवा यंत्रानें जाणत्या हातून काढवावा, ही आजची रीत सुश्रुताच्या गूथकचिकित्सेपासून फार दूर नाहीं. नळी बंद असेल तर तेलाचा उपयोग नाहीं; कारण तेल पडद्यापाशीं थांबतें. तेथें गिळणें, जांभई देणें, चघळणें, अथवा नाक मिटून अगदीं हळू हवा दाबणें हे उपाय. लहान मुलास उतरणीवर दूध पाजावें. पडसें ओसरलें कीं कान बहुधा आपोआप मोकळा होतो. आणि कान वाहत असेल किंवा पडदा फाटल्याचा संशय असेल, तर कानांत तेलही घालूं नये व पाणीही मारूं नये. पोथींत ज्या रोग्यासाठीं प्रतीनाह शब्द प्रथम योजला गेला असावा, त्यालाच वाग्भटाच्या प्रतीनाहाचें तेल, शुक्त व महाळुंगाचा रस अपायकारक व्हावा, हा नामसाम्याचा परिणाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक अवस्था सांगितली पाहिजे. कारण ती दड्याच्याच वेषांत येते. एका कानाचें ऐकणें कांहीं तासांत किंवा दोनतीन दिवसांत एकाएकीं कमी होतें, दुखत नाहीं, रोगी मळ समजून तेल घालीत बसतो. हा पुष्कळदां आंतल्या कानाचा विकार असतो. त्यास स्टेरॉइडचें औषध लवकर मिळालें तर श्रवण परत येण्याची आशा असते. आठवडे गेल्यावर ती मावळत जाते. तसेंच प्रौढ माणसाचा एकच कान बराच काळ बंद राहिला, तर नाकाच्या मागील भागाची तपासणी करून घेणें अवश्य असतें. बाधिर्याच्या लक्षणांत सुश्रुतानें शब्दवाहिन्यांचा रोध सांगतांना, जो उपचार करीत नाहीं त्यास बहिरेपण निःसंशय येतें, अशा आशयाचा इशारा दिला आहे. तो या बाबतींत आजही खरा आहे.

शेवटीं संग्राहकांस व संपादकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रतीनाहाचें टिपण हातीं आलें तर औषध कोणत्या दारानें द्यावयाचें तें आधीं पाहावें. नस्य किंवा शिरोविरेचन असेल तर टिपण सुश्रुताच्या परंपरेचें. कर्णशोधन व पूरण असेल तर वाग्भटाच्या. आणि दोन्ही असतील तर लिहिणाऱ्यानें दोन ग्रंथ एकत्र केले आहेत असें समजावें. याच खुणेवरून त्या घराण्यांत कोणत्या ग्रंथाचा पाठ चालत होता याचाही अंदाज बांधतां येईल. दुसरी, एका ग्रंथाचा पाठ दुसऱ्यावरून ‘शुद्ध’ करण्याचा उद्योग कोणीं करूं नये. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत सुश्रुतसंहितेची इसवी सन ८७८ ची ताडपत्री पोथी आहे. मुद्रित पाठांची तुलना अशा जुन्या पोथ्यांशीं होत राहील, तसतसा या व्याख्येचा इतिहासही अधिक स्पष्ट होईल. तोंपर्यंत जेथें शब्द एक व अर्थ दोन आहेत, तेथें दोन्ही अर्थ जपून ठेवणें हेंच संशोधकाचें काम. पाठ जपण्यासाठीं वाचावा. तो रोग्यावर चालवूं नये. कान दुखत असेल तर पोथी मिटून वैद्याकडे जावें.